‘चला भिवंडीकर’ची बसलेली समिती

भिवंडीत मला फिजिओथेरपिस्ट कोणी म्हणत नाही. निजामपुऱ्यात मी ‘करंटवाली बाई’ आहे, टेमघरला ‘मालिशवाली डॉक्टरीण’. दोन्ही नावं चुकीची आहेत. मालिश मी जवळजवळ करतच नाही आणि करंटचं मशीन ठेवलंय ते त्याच्याशिवाय लोक जिना चढून दवाखान्यात येत नाहीत म्हणून.

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर माणसाला हलवणं. गुडघा आखडलाय, खांदा वर जात नाही, लकव्यानं एक बाजू गेलीय, तर त्याच्याकडून ती हालचाल पुन्हा पुन्हा करून घ्यायची. तो कण्हतो, शिव्या देतो, उद्या येतो म्हणतो आणि येत नाही. त्याला फोन करून बोलवायचं. या धंद्यात औषध आम्ही देत नाही, औषध रोग्यानंच करायचं असतं, आणि नेमकं तेच कोणाला नको असतं. मशीनवर मात्र सगळे खूश. आडवं पडायचं, गार जेल लावून घ्यायचं, थोड्या मुंग्या येतात, की झाले उपचार.

या गावाची एक खासियत मी इतक्या वर्षांत पाहिली. इथं ज्याच्याकडे चार पैसे आले तो आधी हलायचं थांबतो आणि मग स्वतःचं हलणंही दुसऱ्याला लावून देतो. एक कापडवाले शेठ माझ्याकडे गुडघ्यासाठी यायचे. व्यायाम शिकवायला घेतला तर त्यांनी सुनेला पुढं केलं. म्हणाले, "हिला शिकवा. घरी ही माझा पाय हलवत जाईल." मी म्हटलं, जेवताना घासही हीच चावते का. त्यानंतर ते आले नाहीत. सून मात्र दोनदा एकटी येऊन गेली, तिची कंबर धरली होती.

तर अशा या गावात एका हिवाळ्यात ‘चला भिवंडीकर’ नावाची मोहीम निघाली. कुठल्याशा आरोग्य शिबिरात निम्म्या गावाला साखर आणि उरलेल्यांना रक्तदाब निघाला होता. मग पॉवरलूम मालकांची संघटना, डॉक्टरांची संघटना, ज्येष्ठ नागरिकांचा संघ, एक जुनी व्यायामशाळा, इंग्रजी नावाचा एक सेवाभावी क्लब आणि निजामपुऱ्यातलं एक महिला मंडळ अशा सगळ्यांनी एकत्र यायचं ठरवलं. बसून राहणाऱ्या नागरिकांना उठवून चालतं करायचं, असा उद्देश. कल्पना वाईट नव्हती. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. वाटलं, इतकी वर्षं एकटीनं ढकलतेय, आता चार हात लागतील.

पहिली बैठक एका हॉलमध्ये झाली. मऊ खुर्च्या, एसी, बटाटेवडे आणि क्रीमचे केक. माणसानं बसून राहू नये या विषयावर आम्ही दुपारभर बसून बोललो. बॅनरवर कोणाच्या संस्थेचं नाव आधी, यावर बराच वेळ गेला. मग बोधचिन्ह आलं. त्यात एक माणूस पळत होता. तो ठाण्याकडे पळतोय की कल्याणकडे, असं एका सदस्यानं विचारलं आणि त्यावरही चर्चा झाली. पाणी प्यायला म्हणूनसुद्धा कोणी उठलं नाही, कारण बाटल्या पुढ्यात आणून ठेवल्या होत्या.

अध्यक्ष झाले दामोदरशेठ. लूमचे मोठे मालक, चेहऱ्यानं हसरे आणि अंगानं भरलेले. त्यांच्याबद्दल वैयक्तिक राग मला नव्हता, आजही नाही. पण हा माणूस गाडीतून उतरताना आधी दार, मग ड्रायव्हरचा खांदा आणि मग देवाचं नाव धरतो. तो गावाला चालायला शिकवणार होता.

त्या हॉलमध्ये शहाणं माणूस एकच होतं, झुलेखाआपा. निजामपुऱ्यातल्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, महिला मंडळाच्या प्रमुख. बाईंचं बोलणं कमी आणि लागणारं. ‘सकाळी सहा वाजता महिलांसाठी प्रभातफेरी’ असा ठराव आला तेव्हा त्यांनी हात वर केला.

"शेठ, सकाळी आमच्याकडे नळाला पाणी येतं," त्या म्हणाल्या. "हंडा सोडून तुमच्या फेरीला कोण येणार? आणि आमच्या गल्लीत बाई काही काम नसताना चालायला लागली तर चार दारांतून विचारतात, कुठं चाललीस. तिला उत्तर पाहिजे. तब्येतीला चालली, हे उत्तर कोणी धरत नाही."

समितीचे सचिव झालेले डॉक्टर हसून म्हणाले, "आपा, जनजागृती झाली की होईल सगळं."

ठराव पास झाला. सहाच्या फेरीला निजामपुऱ्यातून एकही बाई आली नाही. आपांनी पुढं स्वतःच एक शक्कल काढली. गल्लीतल्या ज्या बायकांना चालणं सांगितलं होतं त्यांना त्यांनी एकमेकींची औषधं आणायला लावलं. हिची गोळी तिनं आणायची, तिची हिनं, आणि दुकान मुद्दाम लांबचं. कोणी विचारलं तर उत्तर हातातल्या पिशवीत. त्या बायका अजून चालताहेत. समितीच्या अहवालात याचा उल्लेख नाही, कारण बॅनर नव्हता.

मोहिमेचं उद्घाटन तलावाकाठी ठरलं होतं. तलावाला एक फेरी मारायची होती. पाहुणे गाड्यांतून आले आणि गाड्या फेरीच्या रस्त्यावरच लागल्या, म्हणून फेरी अर्धी करण्यात आली. मग मुख्य पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं म्हणून ती मंडपापासून पहिल्या गाडीपर्यंत झाली.

त्या दिवशी मंडपात एका खुर्चीत बाळारामदादा बसले होते. ही सगळी कथा खरं तर त्यांची आहे.

बाळारामदादा टेमघरचे. भातशेती करणारा माणूस. टेमघरकडच्या पुष्कळ जमिनींचं जे झालं तेच त्यांच्याही जमिनीचं झालं. तिच्यावर पत्र्याचं प्रचंड गोडाऊन उभं राहिलं आणि एका मोठ्या कंपनीनं ते भाड्यानं घेतलं. घर पाडून बंगला झाला, मुलगे धंद्याला लागले. आणि दादा गोडाऊनच्या गेटासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायला लागले. सकाळी बसायचे, दुपारी जेवायला उठायचे, पुन्हा बसायचे. अशी खुर्च्यांवर बसलेली माणसं तुम्हाला त्या रस्त्यानं जाताना पुष्कळ दिसतील. आधी जन्मभर चिखलात वाकलेली माणसं ती.

मग एके दिवशी ते बंगल्याच्या गुळगुळीत लादीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ठाण्याला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. हाड जोडणं हे सर्जनचं काम, माणसाला पुन्हा उभं करणं माझं. आणि यात उशीर चालत नाही. पहिल्या दिवसांत सांधा आणि स्नायू ओल्या मातीसारखे असतात, वळवाल तसे वळतात. नंतर ती माती भाजली जाते. म्हातारा माणूस खुब्यानंतर पडून राहिला की आधी पाठीला जखमा होतात, मग छातीत कफ साठतो, आणि मग बहुतेकदा तो परत उठत नाही. त्याला हाड मारत नाही, खाट मारते. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

मी रोज टेमघरला जायला लागले. दादा गादीवर टेकून बसलेले असत. समोर वॉकर, म्हणजे आधाराला धरायची चौकट. तिला ते पिंजरा म्हणायचे.

"उठा दादा," मी म्हणायची.

"कशाला? कुटं जायाचं हाय?"

"कुठं नाही. चालायचंय."

"चालायचं, पन कशाला? काय काम हाय?"

"तब्येतीसाठी."

मग ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. "काम न्हाय धंदा न्हाय आन उगा हितून तितं चालतो, त्याला आमच्यात येडा म्हन्तात ताय. मना येडा करू नको."

कॉलेजात आम्हाला स्नायूंची लॅटिन नावं शिकवली, पण माणसानं उगाच का चालावं हे शिकवलं नाही. मी दटावलं, मुलांकडून रागावून घेतलं. दादा दोन पावलं टाकायचे आणि बसायचे. पाय आणखी बारीक होत गेला.

त्यांची बायको चांगुणावहिनी. काटकुळी बाई. नवऱ्याला उचलायचं, वळवायचं, बाथरूमला न्यायचं, सगळं तीच करायची. मुलांना वेळ नव्हता आणि सुनांनी सासऱ्याला हात लावायचा नाही, हा त्या घरातला रिवाज. एकदा मी निघाले तेव्हा वहिनी माझ्या मागं गेटपर्यंत आली.

"ताय, खरं सांग. ह्यो उटंल का?"

"उठायचं ठरवलं तर उठतील."

"न्हाय उटला तर मी बी पडंन," ती कंबरेला हात लावून म्हणाली. "माजी कंबर र्‍हायली न्हाय आता. मग दोगांना कोन बगंल?"

उद्या लवकर येते, म्हणाले.

याच दादांना समितीनं उद्घाटनाला उचलून आणलं होतं. सदऱ्यावरून पांढरा टी-शर्ट चढवला होता, त्यावर तो पळणारा माणूस. ‘लाभार्थी’ म्हणून त्यांच्या हातून झेंडा दाखवायचा होता. मुख्य पाहुणे उशिरा आले, तोवर ज्या माणसानं बसू नये म्हणून मी जिवाचं रान करत होते तो मंडपात बसून राहिला. झेंडा दाखवताना त्यांना दोन बाजूंनी धरून उभं केलं, फोटो निघाला, पुन्हा बसवलं. मग सगळे नाश्त्याकडे गेले. त्यांना परत कोणी न्यायचं, हे कोणी ठरवलंच नव्हतं. मी आणि वहिनीनं रिक्षा केली. घरी जाताना दादा म्हणाले, "ताय, बावटा कशाचा व्हता?" मला त्या समितीची लाज वाटली आणि तिच्यात आपण आहोत याची जास्त वाटली.

पुढच्या बैठकीत मी एकच मागणं मांडलं. टेमघरचा रस्ता ट्रेलर आणि कंटेनरनी भरलेला, कडेला धूळ आणि खड्डे. काठी धरलेला माणूस तिथं चालू शकत नाही. कुठलीही एक सपाट, सावलीची जागा सकाळी तासभर मिळवून द्या, आणि प्रत्येक संस्थेनं आठवड्यातून एकदा सोबतीला एक माणूस द्या. बाकी मी बघते.

दामोदरशेठ फार गोड बोलतात. "मॅडम, तुमची तळमळ समजते. पण जागा हा आपल्या समितीचा विषय नाही. आपला विषय जागृती."

झुलेखाआपा म्हणाल्या, "शेठ, लोक जागे झालेत. आता ते चालणार कुठं ते सांगा."

यावर हशा झाला आणि पुढचा विषय घेतला गेला. पुढचा विषय घड्याळांचा होता.

कोणा दात्यानं पावलं मोजणारी घड्याळं दिली होती. मनगटाला बांधायचं, तुम्ही चाललात की आकडा वाढतो. ठरलं असं की घड्याळं वाटायची, स्पर्धा ठेवायची आणि जो जास्त चालेल त्याला ‘सर्वांत सक्रिय भिवंडीकर’ हा किताब द्यायचा. उत्साह असा आला की काय सांगू. ज्यांना घड्याळं मिळाली ते सगळे समितीचे सदस्य होते. एक घड्याळ मी दादांसाठी मागून नेलं. वहिनीनं ते देवाजवळ ठेवलं, महागाची वस्तू म्हणून.

थोड्याच दिवसांत आकडे येऊ लागले आणि दामोदरशेठ सगळ्यांच्या पुढं गेले. थोडेथोडके नाहीत, दुसऱ्या नंबरच्या व्यायामशाळेच्या वस्तादाला कितीतरी मागं टाकून. वस्ताद बिचारा चक्रावून गेला. पहाटे तलावाला धावून यायचा आणि आकडा बघून मान हलवायचा. शेठ सभेत म्हणायचे, "मनात आणलं तर काहीही होतं."

उलगडा माझ्या दवाखान्यात झाला. अस्लम नावाचा, दामोदरशेठच्या लूमवरचा एक कारागीर टाच दुखते म्हणून आला. या कारागिरांचं काम माहीत नसलेल्यांसाठी सांगते. एका कारागिराकडे बऱ्याच लूम असतात. धागा तुटला की जोडायचा, धोट्यातली सुताची कांडी संपली की बदलायची, आणि सगळ्या लूम एका वेळी चालू. म्हणजे पूर्ण शिफ्ट तो त्या खडखडाटात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतच असतो. भिवंडीत चालत नाहीत ते लूमचे मालक, कारागीर नव्हेत. तर अस्लमच्या मनगटावर आमच्या समितीचं घड्याळ होतं.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"सेठ का है," तो म्हणाला. "सेठ बोले, तू तो चलता ही है, इसको भी घुमा ला."

त्याला यात काहीच वावगं वाटत नव्हतं. शेठच्या कुत्र्याला फिरवून आणावं तसं तो शेठचं घड्याळ रोज फिरवून आणत होता. मी त्याच्या टाचेला टेप लावला, पोटरी ताणायचा व्यायाम दिला आणि थोडे दिवस कमी उभं राहा म्हटलं. तो फक्त हसला. कमी उभं राहिलं तर कापड कोण विणणार होतं?

मी सचिव डॉक्टरांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, सन्मानपत्र लॅमिनेट होऊन आलंय."

बक्षीस समारंभाला मी गेले ती मुद्दाम. तमाशा बघायला गेले असं म्हटलं तरी चालेल. स्टेज उंच होतं, पायऱ्या लाकडी, अरुंद आणि बाजूला धरायला काही नाही. त्या पायऱ्यांबद्दल मी आधीच सांगितलं होतं, म्हाताऱ्यांसाठी. पण जागेसारख्या पायऱ्याही आमच्या समितीचा विषय नसाव्यात. नाव पुकारलं गेलं. ‘सर्वांत सक्रिय भिवंडीकर’ उठले, टाळ्यांत पुढं आले, पहिली पायरी चढले, दुसरीवर उभे राहिले आणि तिथंच राहिले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. निवेदक म्हणाला, "टाळ्या थांबू देऊ नका." टाळ्या थांबल्या नाहीत आणि शेठही हलले नाहीत. शेवटी दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. वर गेल्या गेल्या त्यांच्याखाली खुर्ची सरकवली आणि किताब त्यांनी बसून स्वीकारला.

झुलेखाआपा माझ्या शेजारी होत्या. त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाय, त्यांच्या घड्याळाचा पट्टा बघ. सुताचं तूस लागलंय."

खरंच लागलं होतं. अस्लम हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होता. पुष्पगुच्छ उचलून आणायला त्याला शिफ्ट सोडून बोलावलं होतं. खुर्च्या निमंत्रितांसाठी होत्या. तो एक टाच उचलून धरून सबंध कार्यक्रमभर उभा राहिला, आणि शेठचं नाव घेतलं तेव्हा त्यानंही टाळ्या वाजवल्या.

पण समारंभाच्या आधीच टेमघरला एक गोष्ट घडायला सुरुवात झाली होती. समितीला त्याचा पत्ता नव्हता.

एके दिवशी मी गेले तर बाळारामदादा खिडकीतून बाहेर बघत चिडून बोलत होते. खिडकीतून गोडाऊनची भिंत दिसते. तिच्या कडेला पाणी साचलं होतं.

"बग. वडाच्या बांदाला पानी तुंबलंय. आतबी गेलं आसंल. कुनाला पडली हाय?"

मी म्हटलं, वडाचा बांध म्हणजे कुठला? तिथं ना वड होता ना बांध, नुसता पत्रा. दादांनी मग हातानं हवेत सगळं दाखवलं. हा वडाचा बांध, त्याच्या खाली मोठं खाचर, पलीकडं विहीर, विहिरीच्या वर आंब्याचा बांध. भाताच्या खाचरांना अशी नावं असतात, घरातल्या माणसांसारखी.

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "रोज फाटं बांदावर जायाचा. सगळी फेरी मारून, पाय धुऊन मगच भाकरीला बसायचा. एक दिस चुकला न्हाय. गोडाऊन झालं तवापासनं बसलाय."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. हा माणूस आयुष्यात कधी चाललाच नव्हता. तो बांधावर जायचा. आणि मी मूर्खासारखी त्याला चालायला सांगत होते.

"दादा," मी म्हटलं, "आत पाणी शिरलंय का ते बघून यायचं का?"

ते थांबले. वॉकरकडे बघितलं. "ह्यो पिंजरा नको. काटी आन माजी."

काठी लगेच देणं शहाणपणाचं नव्हतं. आम्ही वॉकर घेतला आणि वर काठी ठेवली, मान म्हणून. गेटवर वॉचमननं अडवलं. मॅनेजर परप्रांतातला, नियमावर बोट ठेवणारा माणूस. बाहेरच्यांना आत परवानगी नाही म्हणाला. दादा म्हणाले, "मी भायेरचा? मी?" त्या दिवशी आम्ही परत आलो, आणि मला भीती वाटली की हा माणूस आता कायमचा बसला.

मी झुलेखाआपांना फोन केला. त्यांच्या भाच्याचे ट्रक त्याच गोडाऊनला लागलेले. भाच्यानं मॅनेजरशी बोलून घेतलं. जे काम सहा संस्थांना जमलं नाही ते एका मावशीच्या धाकानं झालं. अट एवढीच की सकाळी माल चढायच्या आधी यायचं आणि आतल्या नियमाप्रमाणं डोक्याला हेल्मेट घालायचं.

तर बंडी, धोतर आणि पिवळं हेल्मेट अशा वेशात बाळारामदादा आपल्या शेतात शिरले. आणि मला दिसलं की जी जागा मी सगळ्या गावात शोधत होते ती हीच. सपाट, सावलीची, गार, एक खड्डा नाही. दोन्हीकडे छतापर्यंत फ्रिज आणि वॉशिंग मशीनची खोकी, मधून रुंद वाट. दादा थोडा वेळ बावरले. मग दार कुठं, खिडक्या कुठं हे बघून त्यांनी दिशा धरली. "ह्यो वडाचा बांद," ते म्हणाले आणि त्या वाटेनं निघाले. मी मागून त्यांचा खुबा बघत होते, ते जमीन बघत होते. एका ठिकाणी त्यांनी सरळ वाट सोडून वळसा घातला.

"इकडून का?"

"हितं विहीर हाय."

कॉंक्रीटवर तिथं काहीच नव्हतं. मी पण वळसा घातला.

दुसऱ्या दिवशी ते माझी वाट न बघता तयार होते. आठवडाभरानं खुर्चीवरचा दुसरा म्हातारा आला. काळूराम, शेजारच्या जमिनीचा मालक. बांधावरून यांच्यात जुना वाद, बोलणं बंद. जमिनी दोघांच्याही गोडाऊनखाली गेल्या तरी वाद गेला नव्हता. बाळाराम आत जातो आणि बांध दाखवतो, हे त्याला सहन झालं नसावं. तोही हेल्मेट घालून आला.

"वडाचा बांद त्या खांबाच्या पल्याड व्हता," काळूराम म्हणाला.

"तुज्या बापानं सरकवला म्हनून," दादा म्हणाले.

मग रोज सकाळी दोघे त्या खांबापर्यंत जायचे आणि भांडायचे. भांडता भांडता आंब्याच्या बांधापर्यंत पोचायचे. मी मुद्दाम मिटवलं नाही. माझ्या कुठल्याही मशीनपेक्षा तो बांध चांगला चालत होता. वॉकर सुटला, काठी आली. वहिनीनं एकदा मला निरोप पाठवला की दादा स्वतःहून बाथरूमला गेले आणि ती दुपारी निजली. इतक्या वर्षांत मला मिळालेलं एवढं मोठं सन्मानपत्र दुसरं नाही. वाईट फक्त एका गोष्टीचं वाटायचं. खुबा मी उभा केला, पण जे शेत बघायला हा माणूस उठत होता ते मला परत आणता येणार नव्हतं.

समितीला स्मरणिका काढायची होती आणि तिच्यात यशोगाथा हवी होती. कोणाकडून तरी टेमघरची खबर लागली. एका सकाळी दामोदरशेठ, सचिव डॉक्टर आणि आणखी काही सदस्य फोटोग्राफर घेऊन हजर झाले. गाड्या गेटवरच थांबवल्या गेल्या. वॉचमननं प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट ठेवलं. शेठच्या हातात तो पांढरा टी-शर्ट होता, दादांना घालायला. दादांनी तो घेतला, बघितला आणि घडी करून काखेत मारला.

"दादा, जरा थांबा ना," फोटोग्राफर म्हणाला.

दादा थांबले नाहीत. त्यांची फेरी अर्धी राहिली होती. म्हणून सगळ्यांना त्यांच्या मागं जावं लागलं. शेठ धापा टाकत होते, पण बसायला तिथं काही नव्हतं.

"दादा, आमच्या वाचकांसाठी सांगा," सचिव डॉक्टर मोबाईल पुढं धरत म्हणाले, "तुम्ही रोज किती चालता?"

बाळारामदादांनी त्यांच्याकडे बघितलं. पहिल्या दिवसांत माझ्याकडे बघायचे अगदी तसंच.

"मी कशाला चालू? मना काय काम न्हाय काय?" ते म्हणाले. "मी शेतावर जातो."

डॉक्टरांनी मोबाईल खाली घेतला. आता हे छापायचं कसं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. दादा पुढं निघाले होते. पुढं मोकळी, रुंद, सपाट वाट होती आणि दामोदरशेठ तिच्यावरून सरळ चालले होते. दादांनी काठी आडवी केली.

"शेट, बाजूनं या. हितं विहीर हाय."

शेठनी पायाखाली बघितलं, दादांकडे बघितलं, आणि वळले. त्यांच्यामागं डॉक्टर वळले, सदस्य वळले, फोटोग्राफर वळला. हेल्मेट घातलेली ती सगळी समिती एकामागोमाग एक नसलेल्या विहिरीला वळसा घालून गेली.